चाचणीचा रविवार

रविवारी दुपारी तीन वाजता बायकोला घेऊन फिरायला निघायचं, हे ऐकायला छान वाटतं. नऊ वर्षं दर रविवारी निघून बघावं, मग कळतं. पाणीखात्यात मीटर दुरुस्त करणारा हा माणूस आठवड्याचे सहा दिवस खड्ड्यांत उतरायचा, गुडघ्यांवर बसून गंजलेले नट सोडवायचा, आणि सातव्या दिवशी, जेव्हा जगातली सगळी शहाणी माणसं पाय पसरून पडलेली असतात, तेव्हा हा बुटांच्या नाड्या बांधून प्रेम करायला बाहेर पडायचा. खात्यात त्याला सगळे मीटरवाला म्हणत. बायकोच्या वाचकांसाठी मात्र तो 'जोडीदार' होता, आणि त्यांची अशी समजूत होती की असा हौशी नवरा शोधून सापडायचा नाही.

बायको वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायची. पोटापाण्याचं काम ते. वरकड म्हणून ती रविवारच्या पुरवणीत एक सदर लिहायची, 'दोघांना परवडेल' नावाचं. खिशात फारसं काही नसलेल्या जोडप्यांनी एक संध्याकाळ कुठे आणि कशी घालवावी, हे त्यात असायचं. अशी सदरं लिहिणारे घरात पंख्याखाली बसून लिहितात आणि तळ्याकाठचं चांदणं फुकटात वाटून टाकतात. हिचा तो स्वभाव नव्हता. मुद्रितं तपासून तपासून तिला एकच सवय लागली होती, की स्वतः पाहिल्याशिवाय काही छापू द्यायचं नाही. म्हणून प्रत्येक बेताची आधी चाचणी व्हायची, आणि एकट्यानं जाऊन जोडप्याची चाचणी होत नाही, म्हणून नवऱ्याला जावं लागायचं.

चाचणी म्हणजे खरोखरीची चाचणी. तिच्या पिशवीत वही, घड्याळ आणि शिंप्याची टेप. कुठेही पोचलं की आधी ती स्वच्छतागृह शोधायची, कारण जिथे ते नाही तिथलं प्रेम तासाभरात आटोपतं, असं तिचं ठाम मत होतं. मग बाकं मोजायची. दोघं बसल्यावर तिसरा येऊन टेकेल इतकी जागा उरता कामा नये. मग ती घड्याळ हातात घेऊन नवऱ्याला म्हणायची, आता बोल. किती मिनिटांनी गप्पा आटतात तेही ती टिपून ठेवायची.

यात सगळ्यात अवघड होता तो घरचं न काढण्याचा नियम. घराच्या दारातून पाऊल बाहेर पडल्यापासून परत आत पडेपर्यंत घरचं, पैशाचं, आजारपणाचं आणि कामाचं बोलायचं नाही. नव्या जोडप्यांकडे हे विषय नसतात, तेव्हा आपणही ते काढायचे नाहीत, असं तिचं म्हणणं. आता एकावन्न वर्षांच्या माणसाकडून घर, पैसा, आजारपण आणि काम काढून घेतलं, तर त्याच्यापाशी बोलायला काय शिल्लक राहतं? मीटरवाला पाखरांविषयी बोलायचा. त्याला दोनच पाखरं ओळखू यायची, कावळा आणि चिमणी. त्यांच्यावर त्यानं नऊ वर्षं काढली.

घरात त्याची आई होती. तिला आता वार कळत नव्हता, कधीकधी मुलगाही कळत नव्हता, आणि तिला एकटं सोडून चालत नव्हतं. रविवारी तीन ते सात त्याची थोरली बहीण येऊन बसायची. ताई तशी कडक बाई. उगाच फिरायला जाणाऱ्यांसाठी ती उंबरा ओलांडून आली नसती. पण वहिनीचं ऑफिसचं काम आहे म्हटल्यावर तिनं कधी तोंड वाकडं केलं नाही. कामाला नाही म्हणायचं नसतं, असं त्या घरात सगळ्यांनाच शिकवलेलं होतं.

तर शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास मीटरवाला एका इमारतीच्या तळघरात डोकं खाली घालून बसला होता आणि फोन वाजला. पुरवणीचे संपादक बोलत होते. पानं कमी झालीत, वरून निर्णय आलाय, सदर बंद करावं लागतंय, उद्याचं छापून झालंय तेच शेवटचं. आता उद्या चाचणीला जायची तसदी घेऊ नका. मॅडमचा फोन लागत नाही, तेव्हा तुम्हीच सांगा, तुमच्या तोंडून बरं वाटेल. वाईट बातमी दुसऱ्याच्या तोंडी द्यायची ही साहेब लोकांची जुनी खोड. मीटरवाल्यानं 'सांगतो' म्हटलं आणि फोन खिशात टाकला.

पहिल्यांदा त्याच्या तोंडून शब्द निघाला तो 'सुटलो' असा. त्यानं दोन नट शीळ घालत आवळले. उद्या दुपारी जेवून आडवं व्हायचं ते थेट दिवेलागणीला उठायचं. यापुढेही कुणी विचारणार नाही की तुमच्या खांद्यावर डोकं टेकायला ते बाक किती उंच आहे. तिसऱ्या नटाला मात्र त्याच्या डोळ्यांपुढे पुढचा रविवार आला. ताई येणार नाही, कारण काम नाही. आई दर दहा मिनिटांनी विचारणार, आज कोणता वार. बायको भिंतीकडे तोंड करून झोपलेली आणि आपण खुर्चीत. त्याच्या पुढचा रविवार तसाच, आणि त्याच्याही पुढचा.

त्यानं आठवून पाहिलं. या नऊ वर्षांत सदराशिवाय ते दोघं मिळून कुठे गेल्याचं त्याला आठवेना. लग्नाला वीस वर्षं झाली त्या दिवशीसुद्धा ते एका बागेत होते आणि बायको कारंजं किती वाजता बंद होतं ते लिहून घेत होती. मग त्याच्या डोक्यात तो प्रश्न आला आणि जाईना. मोजायचं नसतं, तर ही आपल्याबरोबर कधी बाहेर पडली असती का? हो म्हणायला त्याच्याजवळ एकही पुरावा नव्हता. 'चल' असं त्यानंही तिला कधी म्हटलं नव्हतं. म्हणायची वेळच आली नव्हती, दर आठवड्याला सदर म्हणत होतं.

त्यानं घरी जाऊन मूग गिळले. उद्याचा एक रविवार पदरात पाडून घेऊ, मग सांगू, असं त्यानं ठरवलं. हे चुकतंय हेही त्याला कळत होतं.

रविवारचा बेत होता तो बसच्या शेवटच्या थांब्यापर्यंतचा. शेवटच्या थांब्यावर उतरायचं, कालव्याच्या काठानं चालत जायचं, आणि पाणीखात्याचं जुनं पंपघर रविवारी लोकांना फुकट बघायला उघडं असतं, त्याच्या माडीवरच्या खिडकीतून सूर्य बुडताना पाहायचा. ती जागा नवऱ्यानंच सुचवलेली. बायकोनं सकाळपासून सासूच्या दोन चादरी धुतल्या होत्या, तिला आंघोळ घातली होती, भांडी घासली होती. बसमध्ये बसल्या बसल्या तिची मान नवऱ्याच्या खांद्यावर आली. तो हलला नाही. खड्डा आला तशी ती दचकून जागी झाली आणि तिनं वहीत लिहिलं: बस अठ्ठेचाळीस मिनिटं, खिडकी उघडत नाही.

बातमी त्याच्या जिभेच्या टोकावर होती. पण कामाचं बोलायचं नाही, असा नियमच होता ना? नियमानं नऊ वर्षं त्याचा जीव खाल्ला होता, आज तो पहिल्यांदाच उपयोगी पडत होता. मीटरवाला नियमाच्या आड लपून बसला.

कालव्याच्या काठानं ती पावलं मोजत चालली. ओठ हलायचे, आवाज नाही. सहाशेच्या पुढे ती लंगडायला लागली. टाचेचं तिचं जुनंच दुखणं. तो म्हणाला, थोडं बसू या. तर ती म्हणाली, मध्ये थांबलं तर चालण्याचा वेळ चुकेल. पंपघराच्या आवारातल्या स्वच्छतागृहाला कुलूप होतं. किल्ली पहारेकऱ्याकडे आणि पहारेकरी म्हणाला, किल्ली घरी राहिली. बायकोनं तेही लिहून घेतलं. माडीच्या पायऱ्या बासष्ट निघाल्या. शेवटच्या दहा ती कठड्याला धरून चढली, आणि तो मागून बघत होता. एका वाक्यात त्याला हे सगळं थांबवता आलं असतं. त्यानं थांबवलं नाही. त्याची त्याला लाज वाटत होती.

वर खिडकीपाशी एकच बाक होतं. कुणी माणूस नव्हतं. बायको बसली, तिनं बूट काढला, टाच दाबली आणि पुन्हा उठली, कारण बाक मोजायचं राहिलं होतं. तिनं त्याला एका टोकाला बसवलं, टेप लावली, आकडा लिहिला. मग शेजारी बसली, मनगट वळवून घड्याळ पाहिलं आणि म्हणाली, "हं. बोल."

खाली कालव्यावर एक कावळा होता. मीटरवाल्यानं त्याच्याकडे पाहिलं, मग बायकोच्या सुजलेल्या टाचेकडे पाहिलं, आणि कावळा त्याच्या तोंडून निघेना.

"सदर बंद झालंय," तो म्हणाला.

मग त्यानं उरलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. फोन, पानं, वरचा निर्णय, आज छापून आलेलं तेच शेवटचं. तिनं वही मिटली. मग विचारलं, कधी आला होता फोन. तो म्हणाला, काल, अकरा वाजता.

तिनं मनातल्या मनात काल अकरापासून मोजलं असावं. तिला वेळ लागला.

"म्हणजे आज मी हे सगळं उगाच मोजत होते," ती म्हणाली. "आणि तू बघत होतास."

"हो."

"का?"

"मोजायचं नसतं, तर तू आली असतीस का माझ्याबरोबर?"

तिला खोटं बोलता आलं असतं. हजार बायका बोलल्या असत्या आणि त्यांचं काही चुकलं नसतं. पण न पाहिलेलं बाक नऊ वर्षांत जिनं छापलं नाही, तिच्याकडून तेवढं कुठलं जमायला.

"नसते आले," ती म्हणाली. "दार लावून झोपले असते."

हेच उत्तर येणार, हे त्याला कालपासून ठाऊक होतं. तरी त्याला वाईट वाटलं, आणि थोडंथोडकं नाही. नऊ वर्षं आपण जिला सोबत समजत होतो ती हजेरी होती, असं काहीतरी त्याला वाटलं. तो खिडकीबाहेर बघत राहिला. सूर्य वेळेवर बुडत होता, पण ते लिहून घ्यायला आता कुणी नव्हतं.

थोड्या वेळानं बाक हलतंय असं त्याला जाणवलं. बायको रडत होती. आवाज न करता, वही मांडीवर घट्ट धरून. आणि मग कुठे या गृहस्थाच्या डोक्यात उजेड पडला. काल अकरापासून तो आपलाच रविवार, आपलीच खुर्ची, आपलाच प्रश्न घेऊन बसला होता. तिचं काय गेलं, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. आठवडाभर ती दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करायची आणि तिचं नाव कुठे लागत नसे. तिच्या नावावर जगात एवढे चार परिच्छेद होते. ते गेले, आणि तिला तेवढं सांगावं असंही कुणाला वाटलं नाही. ज्याला सांगायला सांगितलं होतं त्यानंही नाही.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "कालच सांगायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. तिनं डोळे पुसले. "आणि तू आला असतास का? खरं सांग."

"मी तर काल सुटलो म्हणालो."

ती हसली नाही, पण रागावलीही नाही. दोघं तसेच बसून राहिले. त्याला बोलायला काही सुचलं नाही आणि तिनं घड्याळ पाहिलं नाही. पहारेकऱ्यानं खालून हाक मारली, बंद करायची वेळ झाली, तेव्हा ती उठली. बासष्ट पायऱ्या ती त्याच्या दंडाला धरून उतरली. कठडा दुसऱ्या बाजूला होता एवढंच त्याचं कारण असू शकेल, असं त्यानं स्वतःला बजावलं. परतीच्या बसमध्ये ती पूर्ण वाट जागी होती.

घरी ताई नेहमीसारखी चपला घालून दारातच उभी होती. आईनं दूध घेतलं नाही, दोनदा रडली, आता शांत आहे, असा तिनं हिशोब दिला. मग विचारलं, झालं का काम? बायको सरळ आत गेली. मीटरवाल्यानं सांगून टाकलं की काम संपलं, सदरच बंद झालं. ताईनं हळहळ व्यक्त केली, पण तिचा चेहरा मोकळा झाला. तिचंही वय झालं होतं, तिलाही रविवार होताच.

"मग पुढच्या रविवारपासून मी नको," ती म्हणाली.

"ये," तो म्हणाला.

"आता कशाला?"

इथे त्याचं घोडं अडलं. ही ताई म्हणजे त्याचं नाक पुसणारी, त्याच्याकडून पाढे म्हणवून घेणारी, त्याच्या लग्नात मांडवभर हुकूम सोडत फिरणारी. तिच्यापुढे आजारपणाचं सांगता येत होतं, कामाचं तर केव्हाही. हे मात्र कसं सांगायचं, ते त्याला या वयातही कुणी शिकवलं नव्हतं. कान तापलेले त्याला स्वतःला जाणवत होते.

"आम्हाला दोघांना बाहेर जायचंय," तो म्हणाला. "कामाचं काही नाही. नुसतंच जायचंय."

आतून आईनं विचारलं, कोण आलंय? ताईनं भावाकडे नीट पाहिलं. काहीतरी बोलावं असं तिच्या मनात आलं असणार, कारण तिनं तोंड उघडलं होतं. ते तिनं मिटलं आणि पिशवी खांद्यावर घेतली. दर रविवारी जमायचं नाही, म्हणाली. महिन्यातून दोन. आणि दोन दिवस आधी सांगायचं, ऐन वेळी नाही. तो बरं म्हणाला आणि ती गेली.

स्वयंपाकघर तिथून चार पावलांवर. तिथल्या माणसाला काही ऐकू आलं नाही, असं म्हणायची सोय नव्हती. बायको स्टुलावर बसली होती, पाय गरम पाण्याच्या टबात सोडलेले, डोळे मिटलेले. त्यानं आईसाठी राहिलेलं दूध पुन्हा गॅसवर ठेवलं आणि भांड्याकडे बघत उभा राहिला. बायकोकडे बघून त्याला ते बोलता आलं नसतं.

"पुढच्या रविवारी येशील माझ्याबरोबर?" त्यानं विचारलं.

"कुठे?"

"ठरवलं नाही अजून. तुला ठरवायला लावणार नाही."

पाय तिनं पाण्यातल्या पाण्यात हलवले.

"मला नाही वाटत मी येईन," ती म्हणाली. "मी फार दमलेय रे. एका रात्रीच्या झोपेनं जाईल असं नाही हे. पुढच्या रविवारी मी नाही म्हणेन. त्याच्या पुढच्याही बहुतेक नाहीच म्हणेन."

"बरं," तो म्हणाला. दूध वर येत होतं, त्यानं गॅस बंद केला.

"बरं काय?" ती डोळे न उघडताच म्हणाली. "मी नाही म्हणाले, तरी तू विचारायचं. दर वेळी विचारायचं."